भाषेचे छात्राध्यापक स्वतःला कोण समजतात, आणि ते कुठं पाहायचं

प्रश्न बी.एड. महाविद्यालयात मराठी आणि इंग्रजी अध्यापन पद्धतीचा गट नव्यानं हाती घेतलेल्या एका प्राध्यापिकेचा आहे. आपले छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारे विद्यार्थी, स्वतःकडे भाषाशिक्षक म्हणून कसं पाहतात हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांनी प्रश्नावली दिली, निबंध लिहून घेतला आणि चाळीसही जणांनी थोड्याफार फरकानं तेच लिहिलं. आता यातून काय काढायचं आणि पुढं काय करायचं, असं त्या विचारतात.

चाळीस जणांनी सारखं लिहिलं यात नवल काहीच नाही. ‘शिक्षक म्हणून मी कोण?’ असं विचारलं की सावित्रीबाई येतात, साने गुरुजी येतात, स्वतः जळून प्रकाश देणारी मेणबत्ती येते आणि शेवटी मातृभाषेचा अभिमान येतो. मुलं खोटं लिहीत नाहीत. बारावीपर्यंत निबंधात गुण ज्यानं मिळाले तेच ती पुन्हा देतात. त्यामुळे ते निबंध बाजूला ठेवा. भाषाशिक्षकाची स्वतःविषयीची समजूत त्याच्या निर्णयांत उतरलेली असते: मुलानं बोलीत उत्तर दिलं तर फळ्यावर काय लिहायचं, वहीत लाल शाई कुठं चालवायची, कविता चालीवर म्हणायची की नाही, इंग्रजीच्या तासाला मराठी कधी आणायची. हे निर्णय दिसतील आणि त्यांवर बोलता येईल अशी कामं मांडली की उत्तर मिळायला लागतं.

येताना काय घेऊन येतात

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये एक गोष्ट नेमकी मांडली होती. इतर व्यवसायांत शिरणारा माणूस ते काम फारसं जवळून पाहिलेला नसतो. शिक्षक होऊ पाहणाऱ्यानं मात्र शिक्षक हजारो तास पाहिलेले असतात, पण बाकावर बसून. त्याला कृती दिसते, तिच्यामागचा विचार दिसत नाही. मराठीच्या बाबतीत ही कृती ठरलेली आहे: गुरुजी उतारा वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ सांगतात, आशय समजावतात आणि स्वाध्यायाची उत्तरं लिहून देतात. म्हणून ‘कृतियुक्त अध्यापन’ शब्दशः पाठ असलेली छात्राध्यापिकासुद्धा पहिल्या खऱ्या तासाला दहाव्या मिनिटाला उत्तरं सांगायला लागते. तिला पद्धती कळलेली नसते असं नाही, पण गोंधळात सापडलेला माणूस पाहिलेलं करतो, वाचलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या गटांत चार समजुती वरचेवर भेटतात. एक शुद्ध भाषेच्या राखणदाराची. दुसरी रसिकाची, म्हणजे ज्याला कविता गाता येते आणि ज्याचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं त्याची. तिसरी गुण मिळवून देणाऱ्याची. ही बहुधा खाजगी क्लासमध्ये शिकवत बी.एड. करणाऱ्यांत आढळते. चौथी बोलून दाखवली जात नाही: आपण उरलेले आहोत. दहावीला गुण कमी पडले म्हणून कला शाखा, इतिहास किंवा मराठी घेऊन बी.ए. आणि मग बी.एड.ला अध्यापन पद्धती (शिकवायचा विषय) निवडताना गणित-विज्ञान शक्यच नव्हतं म्हणून भाषा. शिक्षकखोलीतही ‘मराठी काय, कुणीही शिकवेल’ हे वाक्य ऐकू येतं आणि वेळापत्रकात मराठीचे उरलेले तास खरोखरच ज्याचे तास कमी पडतात त्याच्या गळ्यात पडतात. चौथी समजूत असलेला छात्राध्यापक वर्गात वाईट शिकवतो असं अजिबात नाही. तो विषयाच्या खोलात जायला घाबरतो एवढंच. प्रयोग, समास, वृत्त आले की तो पाठ बदलून मागतो.

म्हणून पहिल्याच आठवड्यात आशयाची एक छोटी चाचणी घ्या: वीस प्रश्न, तीस मिनिटं, गुण कुठंही धरायचे नाहीत हे आधीच जाहीर करून. त्यात कर्तरी-कर्मणी-भावे ओळखणं, सामान्यरूपातलं ऱ्हस्व-दीर्घ, दोन समास, एका अक्षरगणवृत्ताची लघु-गुरू क्रमासह ओळख आणि एका न वाचलेल्या कवितेवर चार ओळी असं ठेवा. निकाल जाहीर करायचा नाही. ज्याला जे आलं नाही त्याच भागावर त्याला सेतुपाठ द्यायचा. ‘मला व्याकरण येत नाही’ हे स्वतःविषयीचं विधान असतं तेव्हा ते घट्ट बसतं. ‘मला भावे प्रयोग ओळखता येत नाही’ असं ते लहान झालं की आठवड्याभरात दूर करता येतं.

वही तपासायला द्या

माझ्या मते सगळ्यांत जास्त सांगणारं साधन हेच आहे. इयत्ता सातवीच्या मुलानं लिहिल्यासारखा एक छोटा उतारा तयार करा आणि गटातल्या प्रत्येकाला त्याची झेरॉक्स द्या. उदाहरणार्थ:

‘मी अन दादा शेतात गेलो. आईनं दिलेली भाकर आम्ही खाल्लो. मग पानी आनायला विहीरीवर गेलो. तिथं कुनी नव्हतं पण बादली ओली होती.’

सूचना एवढीच: ‘नेहमी तपासाल तसं तपासा आणि खाली शेरा लिहा.’ वेळ पाच मिनिटं. हाच उतारा पुन्हा दोनदा द्यायचा, पहिल्या वर्षाच्या शाळाभेटीनंतर आणि दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता (शाळेत सलग राहून करायचा अध्यापनसराव) संपल्यावर. आधीच्या प्रती तोवर परत करायच्या नाहीत.

या चार ओळींत मुद्दाम चार वेगळ्या गोष्टी ठेवल्या आहेत. ‘विहीरीवर’ ही लेखननियमाची चूक आहे: शब्दातला उपान्त्य दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, म्हणून विहीर पण विहिरीवर, फूल पण फुलाला. (‘शरीर’सारख्या तत्सम शब्दांना हा नियम लागत नाही, ‘शरीराला’ असंच राहतं. निम्मे छात्राध्यापक इथं अडखळतात.) ‘पानी’, ‘आनायला’, ‘कुनी’ ही चूक उच्चाराची नक्कल आहे, मूल जसं ऐकतं तसं लिहितं. ‘आम्ही भाकर खाल्लो’ हे तिसरंच प्रकरण. सोलापूर-लातूर भागात सकर्मक क्रियापदाचं भूतकाळातलं रूपही कर्त्याप्रमाणे चालवलं जातं. प्रमाण मराठीत तिथं कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद कर्माच्या मागं जातं, ‘आम्ही भाकर खाल्ली’. मूल नियम मोडत नाही, वेगळा नियम पाळतं. आणि चौथी गोष्ट ओली बादली. कुणी नव्हतं पण बादली ओली होती, म्हणजे नुकतंच कुणीतरी येऊन गेलं होतं. सातवीतल्या मुलानं हे टिपलं आहे.

आता परत आलेल्या प्रती पाहा. पहिल्या फेरीत बहुतेकांनी सहा-सात ठिकाणी सारखीच लाल शाई वापरलेली असते आणि शेरा असतो ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’. ओल्या बादलीवर क्वचितच कुणी काही लिहितं. ही राखणदाराची तपासणी. गुण मिळवून देणारा वेगळं करतो: तो खाली ‘सुरुवात, मध्य, शेवट असे परिच्छेद कर’ असं लिहितो, कारण दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि त्याचा साचा त्याला पाठ आहे. रसिक ‘छान!’ लिहून मोकळा होतो. उरलेला फक्त खात्रीच्या चुका धरतो आणि ‘खाल्लो’ सोडून देतो. ते चूक आहे की नाही हे त्याला ठरवता येत नाही.

मोजताना खुणांची संख्या मोजू नका. ती कमी झाली म्हणजे दृष्टी बदलली असं होत नाही. कंटाळ्यानंही ती कमी होते. चार रकाने आखा (लेखननियम, उच्चार, बोलीचं व्याकरण, आशय) आणि कोणत्या रकान्यात खुणा पडल्या आणि वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळी वागणूक मिळाली का, एवढंच बघा. तिसऱ्या फेरीत ‘विहिरीवर’ दुरुस्त केलं, ‘पानी’ला एकदाच खूण केली, ‘खाल्लो’च्या बाजूला ‘पुस्तकात कसं असतं ते शोध’ असं लिहिलं आणि शेऱ्यात ‘बादली कुणी ओली केली असेल?’ असं विचारलं, तर त्या छात्राध्यापिकेचं स्वतःविषयीचं चित्र बदललं आहे. तिनं निबंधात काय लिहिलंय ते बघायची गरज उरत नाही.

यावर हमखास आक्षेप येतो की साठ वह्या अशा तपासायला वेळ कुठून आणायचा. रास्त आहे. वहीला तीन मिनिटं धरली तरी साठ वह्यांचे तीन तास होतात. म्हणून काय तपासायचं नाही हे ठरवायला शिकवा: या आठवड्यात फक्त सामान्यरूप, पुढच्या आठवड्यात फक्त वाक्यं जोडणं, आशयावर मात्र दर वेळी एक ओळ. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा आणि १९७२ च्या चार अशा अठरा नियमांपैकी शाळकरी लेखनात वारंवार लागणारे सहा-सातच असतात. ते छात्राध्यापकाला तोंडपाठ हवेत, बाकीचे कुठं पाहायचे ते माहीत हवं.

त्यांची स्वतःची बोली

अडचण फक्त मुलांच्या बोलीची नसते. खानदेशातून आलेली छात्राध्यापिका घरी ‘मना भाऊ’ म्हणते, वर्गात ‘माझा भाऊ’. नागपूरकडचा मुलगा ‘मी येऊन राहिलो’ म्हणतो आणि पुण्याच्या महाविद्यालयात पहिल्या सूक्ष्म पाठाला (सहाध्यायांसमोरच्या काही मिनिटांच्या सरावपाठाला) हशा होतो. त्यानंतर तो दोनपैकी एक करतो: बोलणं कमी करतो, किंवा पुस्तकी भाषेला इतका चिकटतो की मुलाचं साधं उत्तरही ‘नीट वाक्यात बोल’ म्हणून परतवतो. बाहेरून दुसरा प्रकार आत्मविश्वासासारखा दिसतो. ज्यांना स्वतःची बोली लपवावी लागली तेच मुलांच्या बोलीवर सर्वांत कडक असतात, हे पाठनिरीक्षणात पुन्हा पुन्हा दिसतं.

याला निरीक्षणवहीतले शेरे मोठ्या प्रमाणात जबाबदार आहेत. ‘उच्चार सदोष’ असा शेरा लिहिणं थांबवा. त्याऐवजी तीन गोष्टी वेगळ्या करा. एक, मुलांना कळण्यात अडथळा आला का? आला असेल तर तो शब्द लिहा. दोन, प्रकट वाचनात पाठ्यांशातल्या न-ण, स-श, ल-ळ यांचा भेद राखला का? हे वाचनाचं कौशल्य आहे आणि ते सरावानं येतं: रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं, तीन आठवडे. तीन, उत्स्फूर्त बोलण्यातला सूर, हेल, लय यांबद्दल काहीही लिहायचं नाही. तो त्याचा आहे.

मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आधी सांगावी लागते. या मराठीच्या बोली नाहीत. कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळातली आहे, गोंडी द्राविडी. तिथं मराठीचा शिक्षक हा खरं तर दुसऱ्या भाषेचा शिक्षक असतो. ‘मातृभाषेचे अध्यापन’ या नावाखाली शिकलेलं बरंचसं तिथं उपयोगी पडत नाही आणि हे आधी कळलं नाही तर तो मुलांना ‘ढ’ ठरवून परततो.

इंग्रजीवाल्यांचं वेगळं दुखणं

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे आज बी.एड.ला असणारे बहुतेकजण पहिलीपासून इंग्रजी शिकलेले आहेत आणि तरीही बोलताना घाबरतात. त्यांची स्वतःविषयीची धारणा सहसा एका वाक्यात असते: ‘माझं इंग्लिश चांगलं नाही, पण शिकवता येईल.’ या ‘पण’च्या आड भाषांतर पद्धती उभी असते. ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, पुढची ओळ. यात शिक्षक कधीच उघडा पडत नाही, कारण तयार मजकुराबाहेर त्याला बोलावंच लागत नाही.

टेक्सास विद्यापीठातल्या फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ पासूनच्या अभ्यासांत दाखवलं होतं की नव्या शिक्षकाची काळजी आधी स्वतःविषयी असते, मग कामाविषयी आणि नंतर मुलांच्या शिकण्याविषयी. भाषाशिक्षकांत, विशेषतः इंग्रजीच्या, पहिला टप्पा लांबतो असं मला वाटतं. गणिताचा शिक्षक अडखळत बोलला तरी त्याचं गणित बरोबर असू शकतं. इथं विषय आणि माध्यम एकच. प्रत्येक वाक्यागणिक शिक्षकाची परीक्षा चालू असते आणि सेमी-इंग्रजीच्या तुकडीत एखादा मुलगा शिक्षकापेक्षा सफाईनं बोलतो.

‘घाबरू नका’ म्हणून हे जात नाही. वर्गात लागणारी वाक्यं मर्यादित असतात: उभं राहा, जोडीनं बोला, पुन्हा सांग, अजून कुणाला वेगळं वाटतं, दोन मिनिटं राहिली. अशी तीसेक वाक्यं प्रत्येकानं स्वतः लिहावीत, मार्गदर्शकानं दुरुस्त करावीत आणि सूक्ष्म पाठात तीच वापरावीत. पहिल्या दोन आठवड्यांत सूचना इंग्रजीत आणि कठीण संकल्पनेचं स्पष्टीकरण मराठीत असा सरळ नियम करा; मराठी वापरणं ही चोरी राहिली नाही की छात्राध्यापक ती कमी वापरायला लागतो. आणि न येणाऱ्या शब्दाचं काय करायचं हे आधी ठरवून द्या: शब्द फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचा, मुलांना वाक्यावरून अंदाज करायला लावायचा, दोघांना शब्दकोश द्यायचा आणि तास संपायच्या आत त्याकडे परत यायचं. ‘उद्या सांगते’ म्हणून तो शब्द विसरला की वर्गाला कळतं.

हंगेरीचे इंग्रजी अध्यापनतज्ज्ञ पीटर मेजेश १९९० च्या दशकापासून सांगत आले आहेत की जो स्वतः शिकून ती भाषा बोलतो त्याला मुलं कुठं अडखळतील हे आधी दिसतं. मराठी बोलणाऱ्या इंग्रजी शिक्षकाला हे पाठटाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) वापरता येतं. मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, निश्चितता दाखवणारं उपपद नाही, ‘ला’ प्रत्यय कर्मालाही लागतो आणि दिशेलाही. मग मुलं इंग्रजीत काय चुकतील याचे तीन अंदाज टाचणाच्या समासात लिहायचे आणि तासानंतर किती खरे ठरले ते बघायचं. आपल्याला काहीतरी असं माहीत आहे जे सफाईदार बोलणाऱ्याला माहीत नाही, हे छात्राध्यापकाला इथं पहिल्यांदा जाणवतं.

हिंदी अध्यापन पद्धती घेतलेल्या छात्राध्यापकांबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासननिर्णय आला आणि २९ जूनला तो व त्यानंतरचा निर्णय दोन्ही मागं घेण्याची घोषणा झाली. मधल्या काळात या छात्राध्यापकांचा विषय रोज बातम्यांत होता आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्यासोबत धोरणावर वाद घालण्यात वेळ घालवू नका; पाचवीच्या मुलाला मराठीतून हिंदीकडे जाताना देवनागरीची ओळख कुठं मदत करते आणि लिंगभेद कुठं फसवतात, या कामाला लावा.

आंतरवासितेत काय बिघडतं

एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीनं दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतला काळ एकूण २० आठवड्यांचा केला, त्यातले १६ दुसऱ्या वर्षात. विद्यापीठागणिक विभागणी थोडी बदलते. कागदावर हा काळ भरपूर आहे. प्रत्यक्षात तो तीन ठिकाणी गळतो.

पहिलं गळणं सूक्ष्म अध्यापनातच सुरू होतं. आपल्याकडच्या प्रमाण चक्रात अध्यापन ६ मिनिटं, प्रत्याभरण (फीडबॅक) ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६ अशी ३६ मिनिटं असतात. कौशल्य सुटं करून सरावायला हे चांगलं आहे. पण समोर बसलेले ‘आठवीचे विद्यार्थी’ हे मित्रच असतात आणि ते अपेक्षित उत्तर देतात. प्रश्न विचारला, उत्तर आलं, ‘शाब्बास’ म्हटलं: भूमिका वठली. खऱ्या आठवीत तोच प्रश्न विचारल्यावर चाळीस सेकंद शांतता पसरते आणि आपण शिक्षक नाहीच असं वाटायला लागतं. उपाय सोपा आहे. गटातल्या दोघांना चिठ्ठीवर भूमिका द्या: एकानं बोलीत अर्धवट पण अर्थपूर्ण उत्तर द्यायचं, दुसऱ्यानं गप्प राहायचं.

दुसरं, शाळा छात्राध्यापकांना बदली तासाला पाठवते. आज पाचवी ब, उद्या नववी क, काम एकच: वर्ग शांत ठेवणं. चार महिने वर्ग शांत ठेवणाऱ्याची स्वतःविषयीची समजूत पर्यवेक्षकाची होते, भाषाशिक्षकाची नाही. याबाबत तोंडी विनंती चालत नाही. आंतरवासिता सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांना पत्र देऊन तीन गोष्टी लेखी ठरवा: प्रत्येक छात्राध्यापकाला एकच तुकडी सलग किमान सहा आठवडे, त्या तुकडीच्या एका विषयाच्या वह्या त्याच्याकडे, बदली तास आठवड्याला जास्तीत जास्त किती. शाळेलाही बदल्यात काही द्या, उदाहरणार्थ वाचनात मागं असलेल्या मुलांसाठी रोज अर्धा तास. देवाणघेवाण नसेल तर पत्र फायलीत जातं.

तिसरं, सहकारी शिक्षक म्हणतात, ‘कॉलेजचं ते सगळं सोडा, पोर्शन संपवा.’ त्यांना दोष देऊ नका, घटक चाचणीची तारीख त्यांच्या डोक्यावर असते. छात्राध्यापकाला दोन आवाजांमध्ये लोंबकळत ठेवण्याऐवजी ३५ मिनिटांच्या तासात दोन्ही बसतील असा आराखडा मिळून करा: २० मिनिटं पाठ्यघटक शाळेच्या पद्धतीनं, १० मिनिटं मुलांचं बोलणं किंवा लिहिणं, ५ मिनिटं नोंद आणि गृहपाठ. मुलांनी किती बोललं ते मोजायला दर ३० सेकंदांना एक खूण करा: शिक्षक, विद्यार्थी, की शांत काम. ३५ मिनिटांत ७० चौकटी भरतात. कोणतंही भाष्य न करता तो कागद छात्राध्यापकाच्या हातात द्या. ६१ चौकटींत स्वतःचं नाव पाहिलेल्या माणसाला ‘विद्यार्थिकेंद्री’ या शब्दावर व्याख्यान लागत नाही.

कवितेच्या तासाविषयी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. चाल लावता येत नाही म्हणून मराठीची शिक्षिका होणार नाही, असं मानणाऱ्या मुली दर वर्षी असतात. गोड गळ्याच्या छात्राध्यापकाचा पाठ निरीक्षकालाही आवडतो आणि कवितेचं काय झालं हे पाहायचं राहतं. ज्यांना गाता येत नाही त्यांना तीन वाचनांचा क्रम द्या. पहिलं वाचन शिक्षकाचं, पुस्तकं बंद, मुलांनी कानावर राहिलेला एक शब्द सांगायचा. दुसरं मुलांचं, जोडीनं, कुठं थांबायचं ते पेन्सिलीनं खूण करून. तिसरं एका मुलाचं मोठ्यानं आणि दुसऱ्यानं सांगायचं की त्यानं कुठं वेगळं थांबलं आणि अर्थ कसा बदलला. याला गळा लागत नाही, कान लागतो. गाणाऱ्यांनीही हे करावं.

पाठानंतरचं बोलणं आणि नोंदवही

‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान वाटलं मॅडम, पण वेळ कमी पडला’ हे उत्तर ठरलेलं आहे. पंधरा मिनिटं मिळत असतील तर हा क्रम वापरा. तासात मुलानं बोललेलं एक वाक्य जसंच्या तसं सांग. त्यावर तू काय केलंस? त्या क्षणी दुसरं काय करता आलं असतं? तू केलंस ते का निवडलंस? शेवटच्या प्रश्नावर बहुधा शांतता येते, नंतर ‘आमचे सर असंच करायचे’ किंवा ‘वर्ग हातातून जाईल असं वाटलं’ असं काहीतरी खरं बाहेर पडतं. तुम्हाला जे प्रश्नावलीत हवं होतं ते हेच. तेव्हा लगेच सल्ला देऊ नका, लिहून घ्या आणि पुढच्या पाठाआधी त्याला दाखवा.

रोजची चिंतननोंद बंद करा. रोज लिहायला लावलं की तिसऱ्या आठवड्यात मागच्या बॅचची वही फिरायला लागते. आठवड्यातून एकदा, दीडशे शब्द, अट एकच: त्यात मुलाचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत हवं. हे वाक्य उचलता येत नाही, कारण ते त्या वर्गातलंच असतं. नोंदींना गुण द्यायचे असतील तर पूर्ण केल्याचे द्या. दर्जाचे दिले की पुन्हा मेणबत्ती येते.

नोकरीचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही

‘मी अजून शिक्षक नाही, आधी टेट निघू दे’ असं म्हणणाऱ्या मुलाला व्यावसायिक ओळखीवर बोलायला लावणं त्याला थट्टा वाटते. पहिली ते आठवीसाठी २०१३ पासून टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आहे, २०१७ पासून अभियोग्यता चाचणी म्हणजे टेट आणि तिच्या गुणांवर शासनाच्या पवित्र पोर्टलवरून भरती, निवड झाली तरी तीन वर्षं मानधनावरचा शिक्षणसेवक. त्याचं मानधन २०२३ मध्ये माध्यमिकला १८ हजार झालं, आधी ८ हजार होतं. अभियोग्यता चाचणीत बुद्धिमत्ता आणि तर्क असतो, कवितेचा तास कसा घेता ते कुणी विचारत नाही. मग आंतरवासितेच्या काळात मागच्या बाकावर बसून सामान्यज्ञानाचं पुस्तक वाचणारा छात्राध्यापक दिसला तर तो निष्काळजी आहे असं धरू नका. परीक्षेच्या तयारीला आठवड्यात ठरावीक दोन तास वेळापत्रकातच द्या, म्हणजे वर्गातला वेळ वर्गाला मिळतो.

आणि ज्या संस्था मुलाखत घेतात तिथं नेण्यासाठी प्रत्येकाची एक पातळ फाइल तयार करून घ्या. तीन वेळा तपासलेला तो उतारा, ७० चौकटींचे दोन कागद (एक पहिल्या महिन्यातला, एक शेवटचा), दोन टाचणं आणि एका मुलाचं सहा आठवड्यांच्या अंतरानं केलेलं दोन वेळचं लेखन, नाव झाकून. ‘मी भाषा शिकवू शकते’ या वाक्याखाली तिनं यातला एकेक कागद दाखवून काय घडलं ते सांगायचं. सराव म्हणून हे आधी गटासमोर करा, प्रत्येकी सात मिनिटं, आणि ऐकणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारायचा: त्या मुलाच्या लेखनात नेमकं काय बदललं?